वाल्मीकरावांचा निमुळता सूट

मालेगाव स्टँडच्या चढावर एखाद्याची स्कूटर बंद पडली, तर कोणी वळूनही बघत नाही. पण किक मारताना पँटचा घेर किकमध्ये अडकावा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टर्रकन फाटावा, आणि तेही बरोबर शिंप्याच्या दुकानासमोर... याला नशीब लागतं.

छायाने मशीनवरून मान वर केली. दारात एक गृहस्थ उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, केसांत शेवंतीची एक पाकळी अडकलेली, आणि फाटकी पँट मुठीत गच्च धरलेली. डिसेंबरचं धुकं त्यांच्यामागोमाग दुकानात आलं होतं.

“टेलरभाऊ हायेत का?” त्यांनी विचारलं.

“टेलर मीच.”

“जेंट्सचं बी?”

“जेंट्सचंच. आधी वडील शिवायचे, आता मी शिवते. पडद्यामागे लुंगी आहे. ती नेसा आणि पँट बाहेर द्या, भाऊ.”

पँट हातात आली, तशी छायाला हसू आवरेना. “तुमचीच ना ही? यात अजून एक माणूस आरामात मावेल.”

“मुद्दामच ढगळ घेतो,” पडद्यामागून आवाज आला. “म्हणजे कोणी बघत नाय.”

“आणि बघितलं तर?”

पडद्याआडून एक हात बाहेर आला आणि हातात मोबाइल. स्क्रीनवर एक जुना काळा-पांढरा फोटो होता. स्कूटरला टेकून उभी असलेली चार विलायती पोरं, अंगात तीन बटणांचे चुस्त कोट, गळ्यात बोटभर रुंदीचे टाय आणि घोट्याच्या वरच थांबलेल्या निमुळत्या पँटी.

“मॉड म्हणतात याला,” आवाज म्हणाला, आता जरा हळू. “साठ वर्षांपूर्वीची फॅशन. माझा मामा मुंबईहून यायचा ना, तो फॅशन गेल्यावर बी अस्साच यायचा. मी तेव्हा शाळेत. ठरवलं होतं, मोठं झालं की आपण बी... पण मोठं झालो आणि मळा अंगावर पडला. मग बायकोचं आजारपण. ती गेली त्याला बी आता लय वर्षं झाली. राहूनच गेलं बघा.”

छायाने फोटो बोटांनी मोठा केला. कॉलर कशी वळलीय, खिसा कुठे तिरका बसवलाय, ते ती बघत राहिली. वडील गेल्यापासून तिच्याकडे येत होत्या त्या शाळेच्या खाकी पँटी आणि पुढाऱ्यांचे पांढरे शर्ट. असं काही शिवायला कोणी सांगितलंच नव्हतं.

“शिवेन मी,” ती म्हणाली. “कापड आणा. आणि मापाला एक पँट, एक शर्ट.”

ही मापाच्या कपड्यांची रीत छायाने स्वतः घालून घेतली होती. नवऱ्याशी फारकत झाली, मग वडील गेले, आणि दुकान तिच्या एकटीच्या हातात आलं. बाईमाणसाने पुरुषांच्या अंगाला टेप लावला की समोरचा रिक्षास्टँड दिवसभर तेच चघळत बसायचा. तिने मग टेपच बंद केला. अंगाला बसणारा कपडा आणा, त्यावरून शिवून देते. कोणाची हरकत नव्हती.

ते गृहस्थ, म्हणजे वाल्मीकराव, दोनच दिवसांत कापड घेऊन आले. बाटलीसारखा गडद हिरवा रंग होता. सोबत मापाचे पँट-शर्ट होते आणि मळ्यातल्या गुलाबांची एक जुडीही.

“हे कशाला?” छायाने विचारलं.

“बाजारात नेलेले उरले.”

गुलाब उरलेले वाटत नव्हते. छायाने ते पाण्यात ठेवले आणि मान खाली घालून पँट मोजायला घेतली. चांगलीच बारीक कंबर होती. ढगळ कपड्यांखाली माणूस किती आहे ते कळत नाही खरं, पण छायाला कळायला हवं होतं. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत ती त्याची कंबर सांगू शकायची. या गिऱ्हाइकापुढे मात्र तिची नजर उगाच कात्रीकडे, सुयांकडे, गुलाबांकडे पळत होती, आणि जिथे बघायचं तिथे काही जात नव्हती.

ट्रायलच्या दिवशी वाल्मीकराव सूट घेऊन पडद्यामागे गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

“बसतोय का?” छायाने विचारलं.

“गेलोय आत...” आवाज दबलेला होता. “पण हात खाली येईना.”

पडदा सरकला. कोटाच्या बाह्या कोपरापाशी ताणलेल्या, बटणं आणि काजं एकमेकांपासून वीतभर लांब, आणि वाल्मीकराव दोन्ही हात अर्धवट पसरून उभे, शेतातल्या बुजगावण्यासारखे. छायाने तोंडावर हात दाबला.

“हे मापाचे कपडे कोणाचे होते?”

“हर्षलचे. पोराचे माझ्या.” ते ओशाळले. “माझे सगळेच कपडे ढगळ. ते आणले असते तर तुम्ही ढगळच शिवलं असतं. म्हटलं, टाइट फॅशन करायचीय तर टाइट कपडे दाखवावे.”

छाया हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, डोळे पुसले, परत हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. आधी वाल्मीकराव नुसतेच बघत राहिले, मग तेही हसू लागले, आणि कोटाची पाठ उसवल्याचा आवाज झाला.

मग छाया उठली. दरवाजा सताड उघडाच ठेवून तिने कपाटातला टेप काढला. रिक्षास्टँड बघत असेल तर बघू दे.

“सरळ उभे राहा.”

तिने खांदे मोजले. छाती मोजली. त्यांच्या शर्टाला साबणाचा आणि ओल्या फुलांचा वास येत होता. मग तिने टेप कंबरेभोवती घेतला.

“श्वास सोडा, भाऊ.”

“सोडला तर पोट बाहेर येईल.”

“येऊ द्या. सूट त्याच्यासाठीही शिवायचाय.”

त्यांनी श्वास सोडला. “एक सांगू? भाऊ नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“मी तुम्हाला अजून एकदाबी ताई म्हटलेलं नाय,” ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

छायाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि वाल्मीकराव घाबरून भलतंच बोलून गेले.

“रविवारच्या आत व्हायला पाहिजे सूट. सायखेड्याला जायचंय. लंकाबाईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, स्थळ बघितलंय माझ्यासाठी. कुसाबाई म्हणून हायेत. मळेवाल्या. शब्द देऊन बसलीय ती.”

टेप छायाच्या हातात तसाच राहिला. मग तिने तो नीट गुंडाळला.

“होईल,” ती म्हणाली. “रविवारच्या आत होईल.”

नवीन कापड आलं. पहिला सूट पाठ शिवून घेऊन हर्षलच्या अंगावर गेला. आणि छाया नव्या कापडावर खडू ओढायला बसली तेव्हा तिच्या मनात काय काय नाही आलं? एक बाही जरा आखूड झाली तर? पाठीत फुगा राहिला तर? सायखेड्याच्या मळेवालीने नाक मुरडलं असतं, एवढंच. कात्री तिच्या हातात होती आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं.

पण हात ऐकेना. तो माणूस शाळकरी असल्यापासून या कोटाची वाट बघत होता. छायाने कॉलर दोनदा उसवून तिसऱ्यांदा बसवली. काजं हाताने घातली. चुकून डोळ्यातलं एक टिपूस कापडावर पडलं, तर तिने त्यावरून गरम इस्त्री फिरवली आणि स्वतःला चांगलं दरडावलं.

शनिवारी वाल्मीकराव पडद्याबाहेर आले, आणि छायाला आपल्याच कामाकडे बघवेना. हिरवा कोट खांद्यांवर असा बसला होता की खांदेच नवे वाटत होते. पँट घोट्याच्या वर थांबली होती. पोट होतं, पण आता ते लपलेलं नव्हतं आणि नडतही नव्हतं. पायात त्यांनी मऊ चामड्याचे बूट घातले होते. आरशासमोर ते लहान मुलासारखे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वळून बघत होते.

“शेवटचं बटण लावायचं नाही,” छाया म्हणाली आणि तिने ते सोडलं. हात मागे घ्यायला तिला थोडा उशीर झाला.

“कसा दिसतो?”

“कुसाबाई हो म्हणतील.”

“त्यांचं नाय विचारलं...”

ती इस्त्रीकडे वळली. “उशीर होईल तुम्हाला. या आता.”

रविवारी दुकान बंद असतं. छायाने घर झाडलं, पुन्हा झाडलं, भाजी करपवली. सोमवारी ती नेहमीच्या वेळेला दुकानात येऊन बसली आणि तिने स्वतःला बजावलं, की सायखेड्यात सुपारी फुटली असेल तर पेढा हसून खायचा. एवढं आपल्याला जमलंच पाहिजे.

रिक्षास्टँडवर शिट्टी वाजली. मग दुसरी. छायाने मान वर केली. हिरव्या सुटातले वाल्मीकराव रस्ता ओलांडून येत होते. कोणीतरी ओरडलं, “काय शेठ, आज एकदम हिरो?” आणि त्यांनी झकास हात हलवला. कोणी बघू नये म्हणून ढगळ कपडे घालणारा तो माणूस हाच का, असं तिला वाटलं.

पेढ्यांचा पुडा मात्र त्यांच्या हातात नव्हता.

“नाही म्हणाल्या?” छायाने विचारलं. तिचा आवाज जरा घाईनेच आला.

“माणूस चांगला म्हणाल्या. सूट बी आवडला. विचारलं, कोणी शिवला?” वाल्मीकराव दारातच उभे होते. “मी सांगायला लागलो. दुकान सांगितलं. काजं हातानं घातल्याली दाखवली. तुम्ही कॉलर परत परत उसवली ते सांगितलं...”

“ते तुम्हाला कसं कळलं?”

“दुकानासमोरून स्कूटरवर चकरा मारायचो ना. मग तुम्ही हसता कशा, ते सांगितलं. पोहे गार झाले, तरी माझं आपलं चालूच. शेवटी कुसाबाई म्हणाल्या, ‘अहो, मग इथं कशाला आलात? त्यांच्याकडंच जायचं ना.’ आणि हसून चहा दिला. लय समजूतदार बाई.”

छाया मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. चाक फिरत नव्हतं.

“मला गोड बोलता येत नाय,” ते म्हणाले. “पण तुम्ही मोजलं तेव्हापासून मला ढगळ कपड्यांत परत जायचं नाय. तुमच्यासोबत राहायचंय. लग्न करून, चारचौघांत. नाय म्हटलात तरी सूट तुमच्याकडंच शिवीन.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लंकाबाई होत्या. वाल्मीकरावांनी गडबडीत भलतंच बटण दाबलं आणि बहिणीचा आवाज दुकानभर घुमला.

“वाल्मीक, काय येडा का खुळा तू? बघायला जातो एकीला आन गुण गातो दुसरीचे? मला तोंड दाखवायला जागा नाय ठेवली. कोण हाय ती शिंपीण? तिला तरी पसंत हायेस का तू, का नुसताच हिंडतो सूट घालून?”

वाल्मीकरावांनी छायाकडे बघितलं. ते घाबरले होते, आणि सुटासकट फार देखणे दिसत होते.

छाया उठली. तिने त्यांच्या हातातून अलगद फोन घेतला, दुसऱ्या हाताने पदर सावरला.

“नमस्कार वन्सं,” ती म्हणाली. “मुलगा पसंत आहे.”