इसहाकचं वेगळं ताट

मॅनेजर मुनाफसाहेबांच्या टाळक्यात क्रिकेटचा चेंडू बसला, तो नेमका दुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा. इराकचं क्षेपणास्त्र काही आलं नाही, पण सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या त्या कामगार कॅम्पवर आभाळ कोसळायचं ते कोसळलंच. इसहाकला पोलिसांनी धरलं आणि तो मुकाट कबूल झाला.

"कबूल झाला, मेला!" नसरुद्दीन कळवळून म्हणाला. तो कॅम्पचा स्वयंपाकी, मूळचा दाभोळचा. "देवदत्तसाहेब, उद्या त्याला तुरुंगात नेतील. काहीतरी करा हो!"

देवदत्त पूर्वी पुण्यात खाजगी गुप्तहेर होता. आता रियाधहून विम्याच्या चौकशा करत फिरायचा आणि एका जळालेल्या गोदामासाठी इथे येऊन अडकला होता.

"हा इसहाक कोण?"

"इसहाक कोण? रणजी ट्रॉफीत दोन मोसम मुंबईकडून बॉलिंग टाकलीय त्यानं! इथल्या सौदी मालकानं, कफीलनं, खास टीमसाठी आणलाय. इकाम्याच्या परवान्यावर स्टोअरकीपर, पण काम एकच, कंपनीला कप जिंकून द्यायचा. गेल्या फायनलला सात विकेटी!"

ऑफिस म्हणजे एकच खोली. साहेब खिडकीकडे पाठ करून बसत. खिडकी फुटली होती आणि चेंडू साहेबांच्या खुर्चीखाली सापडला होता. मागच्या आवाराला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. म्हणजे चेंडू आला तो कुंपणापलीकडून, सत्तर पावलांवरून. एवढ्या लांबून असा नेम धरणारा अख्ख्या हफ्रमध्ये एकच माणूस होता.

देवदत्तने फाटक उघडायला लावलं. खिडकीजवळ जाताच नसरुद्दीन ओरडला, "जपून! वाळूत काचा आहेत. माझी चप्पल चिरली."

खोलीतला गालिचा मात्र साफ होता. "झाडला का कुणी?"

"छे! पोलिसांनी तेव्हाच कुलूप ठोकलं."

मुनाफसाहेब इस्पितळात डोकं बांधून पडले होते. "भोंगा झाला. उदय, माझा क्लार्क, निघाला असेल. मी विषारी वायूचा मास्क चढवला आणि मागून दणका बसला. श्वास कोंडला म्हणून मास्क उपटला, टेबलाखाली भिरकावला आणि शुद्धच गेली. पोरं आली तेव्हा मी उघड्या तोंडानं पडलो होतो."

"मास्कचं आणखी कुणाला सांगितलंत?"

"कशाला सांगू?"

उदय घामाघूम होता. "भोंगा झाला तसा मी खंदकाकडे पळालो, सर. साहेब तेव्हा फाईल बंद करत होते. मास्क घातलेल्या माणसाला पाठीमागून मारायचं म्हणजे काय हो! पासपोर्टावरून भांडणं आम्हा सगळ्यांचीच झाली. साहेब कपाटातून काढून देतच नाहीत."

इसहाकने मात्र मान वर केली नाही. "मीच फेकला. माझ्याशिवाय कुणाला जमणार?"

"भोंग्याच्या वेळी कुठे होतास?"

"स्टोअरमध्ये. जेवत होतो."

"एकटाच?"

बाहेर आल्यावर नसरुद्दीनचं तोंड सुटलं. "एकटाच! महिना झाला, शेफारलाय. आम्ही सहाजण एका थाळ्यात जेवतो, आणि हा आपलं ताट घेऊन स्टोअरचं दार लावतो. नमाजलासुद्धा मागच्या कोपऱ्यात. इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आता मी नकोसा झालो." बोलता बोलता त्याला रडूच आलं.

देवदत्त थबकला. "नसरुद्दीन, तो शेफारला नाही रे," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोलिस कप्तान इसहाकला न्यायला आला. दुभाष्या शेजारी होता, उदयलाही बोलावलं होतं.

"चेंडू बाहेरून आला असता तर काचा गालिच्यावर पडल्या असत्या," देवदत्त म्हणाला. "त्या बाहेर वाळूत पडल्यात. खिडकी आतून फोडली, आणि तीही साहेबांना मारल्यानंतर, फेक बाहेरून झाली असं दाखवायला. आत कोण होतं? उदय म्हणतो, साहेब फाईल बंद करत असतानाच मी पळालो. मग साहेबांनी मास्क घातला होता हे याला कसं कळलं? लोक आले तेव्हा मास्क टेबलाखाली होता."

उदय कबूल झाला. "माझ्या बायकोला, हेमलताला, आठवा महिना आहे. पासपोर्ट मागितला तर साहेब हसले. म्हणाले, बाळंतपण काय तू करणार? चेंडू टेबलावरच होता, फायनलचा. काय केलं ते कळलंच नाही."

दुभाष्याने कप्तानाचं म्हणणं सांगितलं, "पण इसहाकची सही आहे कबुलीवर. दोघं मिळालेले नसतील कशावरून?"

देवदत्तला हेच टाळायचं होतं. तो हळूच म्हणाला, "इसहाक, उजवा हात वर कर."

"साहेब, नको. पाया पडतो."

"कर बाबा."

हात छातीपर्यंत आला आणि खाली पडला.

"डिसेंबरात खांदा फाटला," इसहाक म्हणाला. "घास तोंडापर्यंत जात नाही. डाव्या हातानं जेवतो. थाळ्यात डावा हात कसा घालू, चाचा? नमाजला हात कानापर्यंत जात नाहीत, म्हणून मागे."

"अरे, मग कबूल का झालास?" नसरुद्दीन ओरडला.

"खांद्याचं कफीलला कळलं असतं तर खलास. दुसरं काय येतंय मला?" तो जमिनीकडे बघत राहिला. "आणि दोन दिवस सगळे चोराकडे बघावं तसं बघत होते, पण म्हणत होते, सत्तर पावलांवरून! काय हात आहे! ते ऐकायला बरं वाटत होतं."

उदयला घेऊन गेले. इसहाक सुटला आणि संध्याकाळपर्यंत कफीलचा निरोप आला, मिळेल त्या विमानाने घरी पाठवा.

त्या रात्री नसरुद्दीनने थाळा मांडला. इसहाक आपलं ताट उचलून निघाला तशी त्याने दंडाला धरून त्याला आपल्या उजव्या बाजूला बसवलं. कालवण-भाताचा घास कालवला आणि त्याच्या तोंडाशी धरला. बत्तीस वर्षांच्या त्या बॉलरने सगळ्यांदेखत तोंड उघडलं.