मेजरचा मुखवटा

पोलीस अधिकारी लोर्ना टेस्कीने चामडी पट्टा कात्रीने कापला, तेव्हा कुठे अस्वलाच्या सोंगाचं डोकं सुटलं. आत ऑर्विल स्ट्राउडचा चेहरा काळानिळा पडला होता. तोंडात लोकरीचा बोळा. डोक्याचं आतलं अस्तर चावून चावून त्यानेच तो तोडलेला.

स्ट्राउड एकेकाळी टॅम्बर क्रीक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान. आता पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं, चाकाच्या खुर्चीत खिळलेला. खोलीभर त्याचा संग्रह होता: चामडी हेल्मेटं, लोकरी पताका, जुन्या सामन्यांची छायाचित्रं. एरवी ते डोकं ठेवायची मधली काचपेटी उघडी. तिच्यावर पितळी पाटी: ‘मेजर, संघाचं शुभंकर’.

त्याची सेविका नेडा क्रेग साठीची होती. चार महिन्यांपूर्वी ओरेगॉनहून आलेली. तिने डाव्या हाताने कॉफी ओतून लोर्नापुढे सरकवली.

“प्रेत कधी बघितलंत?”

“अकराला, बाजारातून आल्यावर. निघाले तेव्हा म्युझियमचे प्राइस त्यांच्याशी भांडत होते.”

“पेटीची किल्ली?”

“साहेबांच्या गळ्यात. त्या ब्रूनोला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मला तर ते दात बघूनच शिसारी यायची.”

“कॉलेजशी तुमचा काही संबंध?”

“छे हो! फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही मला. या राज्यात पाऊलसुद्धा पहिल्यांदाच टाकलंय.”

कॉलेजच्या म्युझियमचा एल्डन प्राइस घामाघूम झाला होता.

“भांडलो, कबूल आहे. ते डोकं आम्हाला हवं होतं. म्हणाला, माझं मढं उचललं की घेऊन जा. पण मी निघालो तेव्हा शिव्या घालत होता हो, चांगला खणखणीत!”

“त्या डोक्याची एवढी काय मातब्बरी?”

प्राइसने आवाज खाली आणला. “त्रेचाळीस वर्षांपूर्वी सरावाच्या वेळी लायल हॉब्स नावाचा विद्यार्थी त्यात गुदमरून मेला. पोशाख त्याच्या बहिणीने शिवलेला. ‘हृदय कमजोर’ म्हणून कॉलेजने हात झटकले. अस्वलाचं नावही बदललं. जुन्या नावाच्या पुस्तिका जाळल्या.”

“जुनं नाव काय?”

“ब्रूनो. मला एका फाटक्या नोंदवहीत सापडलं. आज सकाळी ते उच्चारलं, तर म्हातारा माझ्या अंगावर थुंकला.”

लोर्नाने कापलेला पट्टा खिडकीशी नेला. बराच वेळ निरखला. मग दोघांनाही समोर बसवलं.

“नेडाबाई, पेटीवर मेजर लिहिलंय. सगळं गाव मेजर म्हणतं. तुम्ही ब्रूनो म्हणालात.”

“साहेबांच्या तोंडून ऐकलं असेल.”

“ज्या नावावर ते थुंकायचे, ते?” लोर्नाने पट्टा टेबलावर ठेवला. “चामडं कुजलंय. माणसाची झटापट त्याने सोसली नसती. म्हणून कुणीतरी ते पुन्हा शिवलंय. दोरा नवा आहे, वरून काळं पॉलिश फासलंय. पण जुने टाके आणि नवे टाके एकाच बाजूला कलतात, उलट्या बाजूला. डावखुऱ्या हाताचे. ज्या हाताने हा पोशाख मुळात शिवला, त्याच हाताने पट्टा पक्का केला. स्ट्राउडना अंघोळ घालताना किल्ली मिळणं काय कठीण? आज प्राइसची मोटार जाईपर्यंत तुम्ही थांबलात, म्हणजे आळ त्याच्यावर जाईल. लायल तुमचा कोण?”

नेडाने कॉफीचा शेवटचा घोट घेतला.

“धाकटा भाऊ. स्ट्राउडने मागून बकल आवळलं आणि बाकीचे हसत बसले. तो तडफडत होता, यांना वाटलं नाचतोय. टाळ्या वाजवत होते मेले.”

“हे कुणी सांगितलं?”

“संशय होताच. खरं काय ते स्ट्राउडनेच सांगितलं. मी कोण ते आज सांगितलं, तेव्हा रडत रडत सगळं ओकला. माफी मागितली.” ती थंडपणे म्हणाली, “मग मी डोकं चढवलं. अर्धं अंग मेलेलं, त्यामुळे अर्धाच नाचला. मी खुर्ची ओढून समोर बसले. टाळ्या वाजवल्या.”

प्राइस तोंड दाबून बाहेर पळाला.

लोर्नाने बेड्या काढल्या. “पश्चात्ताप?”

“आहे ना,” नेडा हात पुढे करत म्हणाली. “हसणारे आणखी तिघं होते. माझ्या येण्याआधीच अंथरुणात मेले. बायकामुलांच्या मांडीवर डोकं ठेवून.”