तीन दिवसांचा भात

सकाळी कामावर निघताना जैबुन मुकादमच्या मनगटावरच्या पट्टीवर आकडा उमटला: एकाहत्तर. नागरिकत्वाच्या अर्जाला सत्तर पुरत. दाभोळहून नवऱ्याबरोबर आलेली ही बाई उत्तर युरोपातल्या या बंदरात अठरा वर्षं कारखान्यात मासे कापत होती. नवरा इथंच वारला. त्यानंतर तिचा जीव या आकड्यात अडकला होता.

पट्टीचं सरकारी नाव लांबलचक होतं. जैबुनची मुलगी सफूरा तिला ‘मिसळपट्टी’ म्हणे. नाडी, घाम, आवाजातला ताण टिपायचा, घरांच्या दारांवरच्या संवेदकांकडून नोंदी घ्यायच्या आणि परका माणूस इथल्यांत किती मिसळला ते ठरवायचं, हे तिचं काम. इथं जन्मलेल्या सफूराला पट्टी नव्हती. जन्मानं आलेली माणसं मिसळलेलीच असतात, असं सरकारनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्याच दुपारी समोरच्या इंग्रिडबाईंचा नवरा गेला. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे पेटीत पत्रं टाकली आणि बाईंना एकटं सोडलं. जैबुनला ते बघवेना. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिनं मऊ भात आणि माशाचं कालवण डब्यात भरलं आणि बेल वाजवली. सलग तीन दिवस वाजवली.

चौथ्या दिवशी आकडा एकोणसाठ झाला. ‘शोकाकुल घरी विनानिमंत्रण प्रवेश, तीन वेळा.’ प्रत्येकी चार गुण वजा. साठाच्या खाली घसरलेल्यानं महिन्याभरात देश सोडायचा, असा नियम होता. सतरा वर्षांची सफूरा इथली नागरिक. तिला दाभोळला न्यायचं म्हणजे शिक्षण, भाषा, सगळंच तोडायचं. ती इथंच राहणार होती, एकटी. जैबुनला रडूच फुटलं.

फेरसुनावणीला इंग्रिडबाई काठी टेकत स्वतः आल्या.

“तुम्ही यांना बोलावलं होतं?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“नाही. पण इमारतीतल्या चाळीस घरांपैकी ही एकटीच आली. ती समोर बसली, म्हणून मी जेवले.”

“म्हणजे निमंत्रण नव्हतं.” त्यानं तेवढंच नोंदवलं. बाकीचं लिहायला रकाना नव्हता. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग येतो.

मग तो जैबुनकडे वळला. “नियम आता तुम्हाला कळला आहे. चूक पुन्हा होणार नाही, असं म्हणालात तर बारा गुण परत देता येतील. पण ते मनापासून हवं. खोटं असलं तर पट्टी ते टिपते आणि अर्ज कायमचा बंद होतो. शेजारी पुन्हा कोणी वारलं, तर जाल?”

बाजूला बसलेल्या सफूरानं तिचा हात घट्ट धरला. “अम्मी, नाही म्हण. खरंच तसं ठरव ना मनात. एवढं एकदा, माझ्यासाठी.”

जैबुननं डोळे मिटले. मनाला समजावलं, दटावलं, पोरीची शपथ घातली. मन काही ऐकेना. डोळे उघडून तिनं अधिकाऱ्याकडे नाही, लेकीकडे पाहिलं.

“सगळ्यांनीच तसं ठरवलं, तर उद्या माझ्या मरणाची खबर इथं येईल तेव्हा तुझं दार कोण वाजवील गो?”