हंसाबाईचा उतारा

त्या वर्षी बोरी अरबच्या शिवारात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. किडीच्या औषधाचा फवारा वर मारायचा आणि वाऱ्याने उलटला की आपल्याच तोंडावर झेलायचा. गावातल्या उकंडाच्या वावरात मजुरीने फवारणीला गेलेला इंद्रजित डोळे चोळत घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याला दिसेना, मग श्वासही पुरेना. दवाखान्याने हात टेकले, तेव्हा त्याच्या बायकोने, शीलाने, नाल्यापलीकडच्या, विष उतरवणाऱ्या हंसाबाईला बोलावणं धाडलं.

हंसाबाई कुठली, कोणाला ठाऊक नव्हतं. भर उन्हात तिला घाम येत नसे. मेल्या जनावरापाशी ती बसलेली दिसते, असं लोक म्हणत.

"आपन भूतखेत मानत नाही, बाई," सासू रुखमाबाई शीलाच्या कानात कुजबुजली.

"मानत नाही, मंग भ्यावं कायले?" शीला म्हणाली.

हंसाबाईने इंद्रजितच्या मनगटाला तोंड लावलं. घोट गिळल्याचा आवाज स्पष्ट आला. खोलीभर औषधाचा उग्र दर्प सुटला आणि हळूहळू विरला. तिने मान वर केली तेव्हा ओठ हिरवट पडले होते.

"आता कोनाचंच गोड लागत नाही," ती म्हणाली. "सारं नासवलं तुमी."

मग ती कोपऱ्यातल्या गोधडीवर कलंडली. इंद्रजितचा श्वास मात्र नीट चालू लागला.

सकाळी काठ्या घेऊन माणसं दारात आली. पुढे उकंडा होता.

"शीला, काढ तिले बाहेर. रगत पेते ते बाई!"

शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"पेते. माह्या डोयासमोर पेली. अन् तुह्या वावरात मानूस आंधया झाला, तू पाह्यले तरी आला का? मारा काठी. पह्यले मले मारा."

उकंडाची मान खाली गेली. एकेक करून सगळे निघून गेले.

ती आत वळली तर गोधडी रिकामी होती. मागचं दार आतून बंदच होतं.

इंद्रजित उठून बसला होता. "शीला, दिसते मले," तो म्हणाला. तिला रडूच कोसळलं. डोळे पुसत तिने भाकर वाढली आणि घाईघाईत कांदा चिरताना बोट कापून घेतलं.

इंद्रजितने ताट बाजूला सारलं.

तो भाकरीकडे पाहत नव्हता.

"लय दुखते का?" त्याने मायेने विचारलं. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

शीलाने उठून दाराला कडी लावली. परत येऊन त्याच्यासमोर बसली आणि हात पुढे केला.

"हळू," ती म्हणाली.