जावं की राहावं

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसून प्रेमाची गोष्ट नीट ऐकू येत नाही. आणि ही तर हळू सांगायची आहे.

गणिताच्या एक बाई होत्या. नववीला शिकवायच्या. राहायला दोन खोल्या, आणि संध्याकाळी घरात बोलणारं कोण, तर कुकर. वर्गात मात्र बाई वेगळ्याच. व्याज त्या नुसतं पुस्तकातून शिकवत नसत. खऱ्या माणसाचा खरा पेच फळ्यावर मांडायच्या : हप्त्यानं घ्यावं की थांबावं, भाड्यानं राहावं की कर्ज काढावं.

असाच पेच शोधत त्या एकदा फ्रीज-टीव्हीच्या दुकानात गेल्या. शेजारी एक गृहस्थ बिनव्याजी हप्त्याच्या फ्रीजसाठी सही करायच्या बेतात. बाईंना राहवलं नाही. वरची फी धरली तर हे बिनव्याजी कसलं, असं त्यांनी ऐकवलं. गृहस्थानं पेन खाली ठेवलं आणि बाईंकडे नीट पाहिलं.

"हिशेब सरळ आहे तुमचा. चष्म्याची काडी तेवढी वाकडी… द्या इकडे."

तो चष्मे बनवणारा, गावातच त्याचं छोटं दुकान होतं. काडी सरळ झाली, आणि बाईंचं चित्त — जाऊ दे, समजलात तुम्ही.

मग बाईंच्या बोलावण्यावरून तो दर आठवड्याला वर्गात येऊ लागला, आपलेच पेच घेऊन. नवं यंत्र घेऊ का, विमा काढू का. मुलं चष्मेकाकांना तावातावानं सल्ले देत. बाई पाठमोऱ्या राहून आकडे लिहायच्या. पाठमोरं हसायला बरं पडतं. फ्रीज त्यानं पुढे रोखीनंच घेतला. पण एकट्याचा फ्रीज अर्धा रिकामा राहतो, तो तोटा कुठे धरायचा, असं त्यानं भर वर्गात विचारलं, तेव्हा बाईंचा खडू मोडला.

शेवटचा पेच मोठा होता. दूरच्या शहरात त्याचा थोरला भाऊ आपल्या दुकानात त्याला भागीदारी देत होता. जावं की राहावं? मुलांनी भाडं, कर्ज, पुढची कमाई, सगळं मांडलं. उत्तर आलं : जावं. बाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडेना… सापडावी असं फार वाटत होतं.

वर्ग रिकामा झाला. तो दारात रेंगाळला.

"मुलांचं कळलं. तुमचं काय म्हणणं, बाई?"

बाई डस्टर झटकत राहिल्या. "उत्तर… बरोबर आहे."

"म्हणजे जाऊ?"

"गणितात मी खोटं कसं बोलू?"

"गणिताचं नव्हतं विचारलं," तो हलकेच म्हणाला, आणि जिना उतरला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानावर दुसऱ्याची पाटी होती. बाईंनी तेच गणित पुन्हा फळ्यावर लिहिलं. ह्यात माझी चूक आहे, म्हणाल्या, एक गोष्ट मी मांडलीच नाही. कोणती, म्हणून मुलांनी विचारलं.

"तिचा आकडा होत नाही रे. ती नुसती… बोलायची असते. वेळेवर."

घंटा झाली, तरी कुणी जागचं हललं नाही.

देव न बोललेलंही ऐकतो. माणसाला बिचाऱ्याला ते जमत नाही. आज हात जोडाल, तेव्हा आमच्या बाईंची आठवण असू द्या; आजच्या संध्याकाळी त्यांच्याशी कुणी बोलावं, एवढंच मागा.