कार्डावरची सातवी ओळ

दिवा मंदच राहू दे. आणि मध्येच ‘मग काय झालं’ करू नका, गोष्ट तोडलेली मला खपत नाही. ही ऐकीव नाही. माझ्या मेहुण्याची आहे, आणि त्या माणसाला कल्पनाशक्ती औषधालाही नाही.

मेहुणा विमानात यंत्रं बसवायचा. नोव्हेंबरची चौदा तारीख, मंगळवार. रुग्णांना नेणारं एक छोटं विमान होतं. त्यात दिशा दाखवणारं नवं यंत्र पहाटे पाचला बसवायचं आणि सातला विमान उडायचं. रात्री नुसती तयारी. जुन्या यंत्राचा डबा काढायचा, त्याची बैठक पुसायची, वायरी मीटरवर तपासायच्या आणि शेवटी बैठकीमागे हात घालून एकेक वायर चाचपायची. तुटलेली वायर मीटरला कळते, झिजत आलेली फक्त बोटांना. प्रत्येक काम झालं की ज्यावर सही करायची त्या कार्डावर हे काम सातव्या ओळीत होतं.

त्यासाठी विमानाच्या शेपटीत कुशीवर सरपटत शिरावं लागे. मेहुण्याचे गुडघे कुरकुरत होते आणि तपासनीस घरी जायच्या घाईने दारात उभा होता. मेहुण्याने सहा ओळींवर सह्या केल्या आणि त्याच हातासरशी सातवीवरही ठोकली. तपासनिसाने कार्ड आपल्या खणात कुलूपबंद केलं आणि किल्ली खिशात टाकून गेला. तेव्हा अकरा वाजले होते.

मेहुण्याला हे काम एका उस्तादाने शिकवलं होतं. तो जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भारी कमी बोलायचा. आत शिरला की शिकाऊ माणसाला दोनच शब्द, ‘उजेड धर.’ खोट सापडली की ओरडायचा नाही, तिथे मेणाच्या धाग्याची गाठ मारून बाहेर यायचा. बाकीचं तू शोध. हल्ली वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात. तो धागा उस्तादाबरोबरच संपला.

मेहुणा घरी आला तर मुलगी स्वयंपाकघरात बॅग भरत होती. ती वैमानिक. म्हणाली, “बाबा, सातचं उड्डाण माझ्याकडे आलंय. ज्याचं होतं त्याला ताप भरला.”

हा म्हणाला, “बरं.”

अंथरुणावर पडला, पण डोळ्याला डोळा लागेना. या कुशीचा त्या कुशीवर. शेवटी माझी बहीण वैतागून म्हणाली, झोपा तरी नाहीतर उठा तरी. तो उठला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, हे त्यानेच मला सांगितलं. दुसऱ्याचं पोर उडवणार होतं तोवर गुडघे दुखत होते. आपलं म्हटल्यावर थांबले.

एक चाळीसला त्याने शेडचं कुलूप उघडलं. आत काळोख. विमान तसंच उभं, दार उघडं. त्याने टॉर्च लावली आणि पायरीवर पाय ठेवला.

शेपटीतून आवाज आला. सर्र... मग थांबला. पुन्हा सर्र...

हा आवाज त्याने वीस वर्षं ऐकला होता. धागा ओढल्याचा.

हाक मारायला तोंड उघडलं. मेणाचा वास येत होता...

आणि आतून, अगदी हळू...

“उजेड धर.”

त्याने धरला. किती वेळ ते त्याला माहीत नाही.

मग आवाज थांबला. बाहेर कोणी आलं नाही.

तो कुशीवर पडून आत सरपटला. आत कोणी नव्हतं. बैठकीमागे हात घातला... वायरींच्या तिसऱ्या जुडग्यात बोटाला गाठ लागली. तिच्याखालची वायर पत्र्याच्या कडेवर घासून तांबं उघडं पडलेलं. गाठीचं मेण ऊन होतं.

पहाटेपर्यंत त्याने ती वायर बदलली आणि मागचा सगळा भाग दोनदा चाचपला. पाचला तपासनीस आला. मेहुण्याने त्याला सगळं सांगितलं, गाठीचं सोडून. नोकरी जाते तर जाऊ दे म्हणाला. तपासनिसाने खिशातून किल्ली काढली, खण उघडला, कार्ड बाहेर घेतलं आणि चिडून विचारलं, “मग हे मला कशाला सांगतोस? खोडलंयस की आधीच.”

सातव्या ओळीवरची सही एका सरळ रेघेने खोडलेली होती. शेजारी नव्या सहीपुरती जागा सोडलेली.

मेहुण्याने तिथे सही केली. मुलगी सातला उडाली आणि संध्याकाळी घरी जेवायला होती. ते कार्ड मी पाहिलंय. रेघेच्या टोकाला अंगठ्याएवढा मेणाचा डाग आहे.