उलटा हातमोजा

थंडीतल्या डायव्हिंगचा आमच्या घरचा नियम सोपा होता: पहिली हुडहुडी भरली की वर. आणि पाण्यात शिरण्याआधी हातमोज्यांत थर्मासमधलं गरम पाणी ओतायचं, म्हणजे बोटं लवकर गारठत नाहीत. नियम ह्यांनीच केला, मोडलाही ह्यांनीच. गेल्या थंडीत माझ्या हातून पडलेला टॉर्च शोधायला हे पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीच्या तळाशी पाच मिनिटं जास्त थांबले. बाहेर काढलं ते धाकट्या भावजींनी.

"वहिनी, हा तिसरा जोड कुणाला?" कपडे बदलायच्या खोलीत भावजींनी विचारलं.

बघते तर मी ह्यांचेही हातमोजे भरून, तोंडाला चिमटे लावून बाकावर ठेवलेले. डाव्याची करंगळी मीच शिवून बंद केली होती. ह्यांची कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात गेली तेव्हा.

"सवय हो," मी म्हटलं. "चहाही दोन कपच टाकते अजून. वजन वाढलं ते उगाच नाही."

भावजी हसले नाहीत. आज वर यायची मला काही घाई नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

खाणीचं पाणी आठ अंश. दहा मीटरच्या खाली सगळं गढूळ, तिथे एकमेकांचा हात धरूनच जायचं. दोनदा दाबला की 'ठीक?' तीनदा दाबला की 'वर चल.'

मध्येच भावजींचा हात सुटला, मग पुन्हा सापडला. तळ आला. हुडहुडी भरली. मी तशीच बसून राहिले.

हात दोनदा दाबला गेला. मी उत्तर दिलं नाही.

मग तीनदा.

मी बोटं सोडवायला गेले. पकड घट्ट झाली. पुन्हा तीनदा, रागावल्यासारखं.

करंगळीच्या जागी मला शिवण लागली.

वर आले. भावजी काठावर घाईघाईने दुसरी टाकी चढवत होते.

"कुठे होतात, वहिनी? हात सुटला तेव्हाच माझा हवेचा रेग्युलेटर गोठला, मी वर आलो. पंधरा मिनिटं झाली!"

मी खोलीत गेले.

ह्यांचा उजवा हातमोजा बाकावर तसाच होता, भरलेला, बर्फासारखा गार. डावा खाली पडला होता. रिकामा. उलटा.

असे उलटे काढून टाकू नका म्हणून मी वीस वर्षं ओरडले.

सुलटा करायला बोटं आत घातली. ऊब होती.